कोपरापर्यंत

मेडिकलच्या ओपीडीत, खोली क्रमांक चौदा,
भिंतीवर एक थाळी आहे. कागदाची, चकचकीत.
अर्धी भाजीची, पाव डाळीची,
उरलेला पाव मातकट रंगवलाय,
त्यावर लिहिलंय : अख्खं धान्य.
भूगोलाच्या बाई नकाशात वैनगंगा दाखवायच्या
तशी मी ती दाखवते, पट्टीने,
रोज साठ-सत्तर जणांना.

सुगंधा पराते, वय बावन्न, राहणार तांडापेठ.
तीन महिन्यांची साखर : नऊ पूर्णांक एक.
दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत
जुने-नवे चटके.
"मटक्याचे," ती म्हणाली,
"लांब रोट्या करतो आमी. ऑर्डरच्या."

मी सांगितलं, पीठ चाळू नका,
तंतुमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत.
ती हसली.
"तंतू त आमच्या बापाच्या मागावर होते, बाई.
लुगडे विणता विणता गेला थो.
पोटातले तंतू कोणी सांगतलेच नाई."
मग थाळीकडे बघत :
"गहू त अख्खाच येते जी गिरणीत.
अर्धा आमीच करतो."

मी कागदावर लिहिलं :
ज्वारीची भाकर. चाळणी बंद.
कोंडा हळूहळू वाढवा, एकदम नको, पोट फुगेल.
पाणी भरपूर.
पुढचा नंबर.

रविवारी गोळीबार चौकातून जाताना
तिनेच हाक मारली. चुलीच्या जाळात
तिचा चेहरा ओपीडीतल्यापेक्षा तरुण.
जुन्या धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलेलं लोकवनचं पीठ,
परातीत आपटून आपटून, पाणी पाजून पाजून
इतकं सैल केलेलं की ते आता पीठ नव्हतंच.
तिने गोळा हातांवर घेतला,
झुलवला,
तो मनगटावरून उतरला, कोपरापर्यंत आला,
क्षणभर त्यातून रस्त्यावरचा दिवा दिसला
आणि उपड्या मटक्यावर पडला.

माझी थाळी मी इथे कुठे टांगू?

कोपऱ्यात पोत्यावर कोंड्याचा ढीग.
खाटेच्या पायाला बांधलेली बकरी
त्यात तोंड खुपसून. अंगावर तुकतुकी.
"तिची साखर तपासा, बाई. एकदम नॉर्मल निघन."

मग आवाज खाली आणून,
"म्या मूठभर टाकून पाहिला. मनगटावरून चांगली उतरते,
कोपरावर आली का फाटते.
कोंडा टोचते तिले.
अन् गिऱ्हाइकाले आरपार दिसणारी पायजे."

मला येतं ते ग्रॅममध्ये येतं.
दिवसाला पंचवीस, तीस.
रोटी किती हात लांब असावी
हे आम्हाला शिकवलेलं नाही.
मी म्हटलं, ऑर्डरची राहू द्या.
घरची तरी.
"घरची?" ती म्हणाली,
"घरी आमी फाटलेल्या खातो."

तीन महिन्यांनी रिपोर्ट :
आठ पूर्णांक सहा.
मला सात हवे होते. तिला नव्हते बहुधा,
ती पिशवीत काहीतरी शोधत होती.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक रोटी,
तांबूस, जाड, जेमतेम हातभर,
मधोमध अंगठा जाईल एवढं भोक.
"माय म्हणे, गरिबीत कोंड्याचा मांडा करा लागते.
आता डाक्टरनं लिहून देल्लं.
घ्या, केला."

माझ्या खणात माझं जेवण होतं :
कँटीनचे दोन टोस्ट, मैद्याचे,
आणि चहाचा कागदी कप.
मी गुडघ्याने खण लोटला.
तिने पाहिलं असावं.

तिच्यासमोरच तुकडा मोडला.
कडेला जळकट, आत गोडसर,
लगेच गिळता येत नाही,
दाढेखाली बराच वेळ राहतो.
दारातून शिपाई ओरडला, सत्तेचाळीस!
मी नुसता हात वर केला,
तोंड भरलेलं,
थांब म्हणून.